राखणीचा आवाज

शुक्रवारी सकाळी पावणेसात वाजता जयमाला जवंजाळ एकटी वावराकडे निघाली. हातात काठी होती, अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ. सासू झुंबरबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी सुनेला जाताना पाहिलं आणि अडवलं नाही. ऑक्टोबरनंतर जयमाला पहिल्यांदाच एकटी वावरात जात होती. सून बरी झाली, असं झुंबरबाईंना वाटलं.

गाव मोताळा तालुक्यात, ज्ञानगंगेच्या जंगलाच्या कडेला आहे. जवंजाळांचं वावर सगळ्यात वरचं. त्यांचा बांध संपतो तिथून डोंगर चढू लागतो, आणि बांधावर सीताफळीची आणि बोरीची झाडं आहेत. ऑक्टोबरात जयमाला म्हशीसाठी गवत कापायला सकाळीच तिथे गेली होती. सीताफळीखाली अस्वलाची मादी होती, मागे पिल्लू होतं. जयमाला ओरडली, मादी उभी राहिली. पुढचं सगळं काही मिनिटांत झालं. तिचा पती गजेंद्र विहिरीवरून पाइप घेऊन धावला, खालच्या वावरातला गोकुळ धावला. डोक्याची कातडी मागपर्यंत सोलली गेली होती, डावा कान अर्धा राहिला होता, उजव्या हाताचं हाड मोडलं होतं. अस्वल पळालं नाही, चालत गेलं, असं गोकुळ अजून सांगतो.

जखमा दिवाळीपर्यंत भरल्या. त्यानंतर घरच्यांच्या लक्षात आलं की जयमाला परसात जात नाही. ताट खाली पडलं की ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची. म्हशीने फुरफुर केली की तिला ओकारी यायची. झोप लागली की ओरडत उठायची. झुंबरबाईंनी उतारा केला, गंडा बांधला. गजेंद्रने तिला माहेरी वडनेर भोलजीला नेऊन सोडलं. तिथे नजर पोचेल तिथवर सपाट काळं रान, डोंगराचा मागमूस नाही. आठव्या दिवशी तिचा भाऊ तिला परत घेऊन आला. शेजारच्या गिरणीचा पट्टा घासल्यासारखा वाजला म्हणून ती पलंगाखाली शिरली होती आणि दुपारपर्यंत बाहेर आली नव्हती.

गावच्या आशा कार्यकर्त्या बेबीताई एक दिवस गजेंद्रला पारावरून उठवून बाजूला घेऊन गेल्या.

"तुही बायको येडी नाही झाली," त्या म्हणाल्या. "अस्वल गेलं हे तिच्या आंगाले अजून समजलं नाही. बुलढाण्याले एक मॅडम बसते. मी संगं येतो. चाल."

मॅडम म्हणजे धम्मशीला इंगळे, मानसोपचारतज्ज्ञ. त्यांची खोली लहान होती. जयमाला आल्यावर त्यांनी आधी तिच्या खुर्चीची जागा बदलली, दार तिला समोर दिसेल अशी ठेवली. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, आणि तो बरा होतो हेही सांगितलं. उपचाराची पद्धत मात्र गजेंद्रला विचित्र वाटली. जयमालाने डोळे मिटून त्या सकाळची हकिकत पहिल्यापासून सांगायची होती. आत्ता घडतंय अशी सांगायची, काही वगळायचं नाही. ते सांगणं तिच्याच मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, आणि घरी रोज ऐकायचं.

"जे विसरायचं तेच रोज आयकायचं?" गजेंद्रने विचारलं.

"विसरायचं नाहीये, भाऊ," धम्मशीला म्हणाल्या. "आठवण राहणारच. तिच्यावर बसलेली भीती उतरवायची आहे. रोज ऐकलं की शरीर हळूहळू शिकतं, की हे होऊन गेलं, आत्ता होत नाहीये. पण जागा जयमाला ठरवेल, वेळ ती ठरवेल, आणि बंद कधी करायचं तेही तीच ठरवेल."

पहिल्या वेळी सांगता सांगता जयमाला बांधापर्यंत आली आणि थांबली. नंतर एका बैठकीत ती शेवटपर्यंत गेली. हल्ल्याच्या सकाळी ओरडली होती तशीच ओरडली. नवऱ्याचं नाव तोंडावर घ्यायचा रिवाज नाही, म्हणून त्या दिवशी ती ओरडली होती, "अवोऽ! अवो, या नाऽ!" तेच रेकॉर्डिंगमध्ये आलं. बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले, शिपायाने दार ढकलून आत पाहिलं. धम्मशीलांनी हातानेच त्याला जायला सांगितलं.

जयमाला धान्याच्या खोलीत बसून, कानात इअरफोन घालून ते ऐकू लागली. सुरुवातीला घामाने पोलकं भिजायचं. जानेवारी आला तेव्हा ती ऐकता ऐकता हरभरा निवडू शकत होती. धम्मशीला समाधानी होत्या. फेब्रुवारीत गजेंद्रसोबत, भर दुपारी, वावराच्या अर्ध्यापर्यंत जायचं, असं त्यांनी ठरवून दिलं.

दरम्यान मका कणसावर आला आणि रानडुकरं उतरू लागली.

डुकरांसाठी या भागात भोंगा लावतात. बांबूवर बांधलेला लहान कर्णा, खाली बॅटरी, वर हाताएवढी सोलर पाटी. त्यात मोबाइलचं मेमरी कार्ड घालायचं आणि संध्याकाळी चालू करून घरी यायचं. कार्डात जो आवाज असेल तो सकाळपर्यंत फिरून फिरून वाजत राहतो. कुत्र्यांचं भुंकणं, फटाके, माणसांचं "हाऽड हाऽड". अडचण एकच, की चार-सहा दिवसांत डुकरांना तो आवाज पाठ होतो. मग गावात आवाजांची देवघेव होते. गोकुळकडे वाघाची डरकाळी होती. ती आठवडाभर चालली, आणि नंतर डुकरं वाघाखाली बसून कणसं खाऊन गेली. "आपल्या डुकराइले माहीत हाय बे, वाघ मोबाइलमंदी ऱ्हायते," असं गोकुळ पारावर सांगायचा.

जानेवारीच्या अखेरीस एका संध्याकाळी गजेंद्रने चुकीचं कार्ड भोंग्यात घातलं. भोंग्याचं आणि जयमालाचं अशी दोन कार्डं फळीवर शेजारी ठेवलेली होती. जयमालाच्या मोबाइलमध्ये नवं कार्ड टाकताना जुनं काढून ठेवलं होतं, ते त्याच्या हाती आलं. त्याने भोंगा चालू केला. रेकॉर्डिंगची सुरुवात शांत होती, "मी विळा घेतो, घरातून निघतो," एवढंच. विहिरीवरच्या मोटरच्या आवाजात त्याला ते ऐकू आलं नाही आणि तो घरी गेला.

सकाळी बाकी सगळ्या वावरांत डुकरांनी नासाडी केली होती. जवंजाळांच्या मक्यात एकही खूर उमटला नव्हता.

गजेंद्रने भोंग्यापाशी उभं राहून सगळं ऐकलं. त्याने ते पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं. मग त्याने भोंगा बंद केला. संध्याकाळी तो पुन्हा वावरात गेला तेव्हा त्याने कार्ड बदललं नाही.

जयमालाला तिसऱ्या दिवशी कळलं. दिवेलागणीला ती अंगणात म्हशीला पाणी दाखवत होती. वारा डोंगराकडून होता. तिने बादली खाली ठेवली, आणि झुंबरबाई सांगतात त्याप्रमाणे बराच वेळ मान वर करून उभी राहिली. गजेंद्र वावरातून आला तेव्हा ती त्याला एवढंच म्हणाली, "अवो, ते माहं हाय."

"चुकून लागलं," तो म्हणाला.

"अन् आज?"

गजेंद्र बादली उचलून म्हशीकडे गेला. तिने भोंगा काढायला सांगितलं नाही; मका तिचाही होता.

गावाला समजायला वेळ लागला नाही. गजेंद्र पारावर आला की पोरं बारीक आवाज काढायची, "अवो, या नाऽ!" गोकुळ म्हणाला, "गजाभाऊ, घरचं बलावनं आलं ना बे, ऊठ!" सगळे हसले, गजेंद्रही हसला. पण त्याच आठवड्यात गोकुळने मोबाइल पुढे करून तो आवाज मागून घेतला. आणखी दोघांनी घेतला. चार वावरांत चार भोंगे लागले. ते एकाच वेळी चालू होत नसत, म्हणून एका वावरात जयमाला विळा घेऊन घरातून निघत असायची, दुसऱ्यात बांध चढत असायची, तिसऱ्यात ओरडत असायची. गावातल्या लहान मुलांना ती हकिकत पाठ झाली. डुकरं चारही वावरांत आली नाहीत. झुंबरबाई हातपंपावर म्हणाल्या, "माही सून घरात बसून चार वावरं राखते. तुमच्या काय करते?"

पुढच्या बैठकीत हे धम्मशीलांना कळलं. त्यांनी गजेंद्रला आत बोलावलं.

"हे कोणी केलं?"

"मीच केलं, मॅडम. पहिल्या दिवशी चुकून झालं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"डुकरं आली नाही, मॅडम."

"ते तिचं औषध आहे. माणसाची गोळी तुम्ही बैलाला घालता का?"

"लागू पडली तं घालतो," गजेंद्र म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

धम्मशीलांनी भोंगे आजच बंद करायला सांगितले. तेव्हा जयमालाच मध्ये बोलली. "राहू द्या, मॅडम. मले झोप लागून राह्यली. कानात आयकतो तं माहाच आवाज मले खाते. वावरातून येते तं दुसऱ्याच कोन्या बाईचा वाटते."

धम्मशीला तिच्याकडे वळल्या. "ती बाई तूच आहेस, जयमाला. तिला वावरात सोडून तू घरी येऊ नकोस."

"हाव," जयमाला म्हणाली.

त्या दिवशी धम्मशीलांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. आठवणीतल्या अस्वलाला घाबरायचं थांबवायचं आहे, रानातल्या अस्वलाला नाही. पहाटे आणि सकाळी कुणीच एकट्याने वर जायचं नाही, तिनेही नाही. दुसरी गोष्ट गजेंद्रसाठी होती. मागे गोकुळने जयमालाला शेजारच्या गावात अस्वल दिसल्याचं रंगवून सांगितलं होतं आणि तिचे दोन आठवडे वाया गेले होते. म्हणून धम्मशीला म्हणाल्या, "असं काही नवीन झालं तर परस्पर तिच्या कानावर घालू नका. आधी मला सांगा. कसं सांगायचं ते आपण मिळून ठरवू." गजेंद्रने मान डोलावली. मका निघेपर्यंत भोंगा ठेवण्याची सवलत त्याने मागितली. ती त्यांनी दिली नाही, आणि त्याने भोंगा काढलाही नाही.

जयमाला सुधारत गेली, यात शंका नाही. ती परसात जाऊ लागली. एका दुपारी गजेंद्रसोबत वावराच्या अर्ध्यापर्यंत गेली, दुसऱ्या दुपारी भोंग्यापर्यंत. भोंगा तेव्हा बंद होता. तिने बांबूला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "एवढासाच हाय का?"

मग गोकुळच्या वावरात डुकरं आली. भोंगा चालू असताना, त्याच्या बुडाशी. दोन दिवसांनी दुसऱ्या वावरात आली. हा आवाजही त्यांना पाठ झाला होता.

बुधवारी दुपारी वनरक्षक हरिओम गस्तीवर असताना जवंजाळांच्या बांधावर थांबला. त्याने गजेंद्रला बोलावून दाखवलं. भोंग्यापासून जवळच वारूळ होतं, ते ताजं उकरलेलं होतं. बोरांच्या बिया असलेली विष्ठा पडली होती. बांबूवर कमरेच्या वर नखांचे ओरखडे होते. पाणी दिलेल्या सरीत मोठे ठसे होते आणि त्यांच्या बाजूने लहान.

"हे आज पहाटेचं आहे," हरिओम म्हणाला. "भोंगा चालू होता ना?"

"हाव."

"म्हणजे मादी आवाजाखाली बसून वारुळातली वाळवी खात होती." त्याने वर भोंग्याकडे बोट केलं. "भाऊ, आपण सकाळी वावरात येतो तेव्हा खाकरत येतो, बोलत येतो, हो ना? कशासाठी? जनावराला कळावं, माणूस येतंय, बाजूला व्हावं. आता इथं माणसाचा आवाज चोवीस तासांतले बारा तास असतो, आणि माणूस कधीच येत नाही. ती कशाला बाजूला होईल?"

गजेंद्रने विचारलं ते वेगळंच. "तुम्ही घरी बोलले काय हे?"

"नाही."

"नोका बोलू. ती आत्ता कुठं झोपून राह्यली. मॅडमनं सांगतलं हाय, आधी मले सांगा म्हनून."

त्याने धम्मशीलांना फोन लावला. त्या दिवशी आणि गुरुवारीही तो लागला नाही. असल्या गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत, असंही त्याला वाटलं. शुक्रवारी सकाळी सहाच्या गाडीने तो बुलढाण्याला निघाला. घरी त्याने बँकेचं काम सांगितलं. आईलाही त्याने अस्वलाचं सांगितलं नव्हतं, कारण झुंबरबाईंच्या पोटात काही राहत नाही.

भोंगा रोज सकाळी तोच बंद करायचा. त्या दिवशी ते राहिलं. साडेसहाला अंगणात आवाज ऐकू येत होता.

"बॅटरी उतरन त्याची," झुंबरबाई म्हणाल्या. "गोकुळले फोन लाव, तो बंद करन."

"गोकुळभाऊजीले काऊन?" जयमाला म्हणाली. "माह्या वावरातला भोंगा, मीच बंद करून येतो."

"एकटी?"

"त्याच्यात काय हाय, आत्याबाई? बोलत बोलत जातो." तिने काठी घेतली. मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, तो तिथेच राहिला.

सात वाजून गेल्यावर हरिओमची मोटरसायकल दारात थांबली. त्याने इंजिन बंद केलं नाही. मादी आणि पिल्लू उजाडता उजाडता नाला उतरून खाली मक्यात शिरताना एका गुराख्याने पाहिली होती. वरच्या चार वावरांत आज कुणी जायचं नाही, हे सांगत तो घरोघर फिरत होता.

"गजेंद्रभाऊ कुठे?"

"बुलढाण्याले गेला. बँकेत."

"आणि वहिनी?"

झुंबरबाईंनी डोंगराकडे हात केला. हात तसाच राहिला.

हरिओम, गोकुळ आणि काठ्या घेतलेले सहा-सात जण बांधाशी पोचले तेव्हा ऊन मक्याच्या तुऱ्यांवर आलं होतं. मका पुरुषभर उंचीच्या वर होता. आत कुणी दिसत नव्हतं. गोकुळने तोंडाशी हात नेऊन हाक मारली, "वैनीऽ!" लगेच उत्तर आलं, "अवोऽ!" तो त्या दिशेला धावला, तेवढ्यात दुसऱ्या बाजूने आलं, "अवो, या नाऽ!" मग डाव्या हाताला कुणीतरी शांतपणे सांगू लागलं, की मी विळा घेतो, घरातून निघतो. गोकुळ थांबला.

"भोंगे बंद करा," हरिओम म्हणाला. "सगळे. आधी भोंगे."

मक्यात शिरायचं तर कोणत्या बाजूने शिरायचं हे आवाजावरूनच ठरवायचं होतं. माणसं बांधाबांधाने पांगली. डावीकडचा भोंगा बंद झाला, त्याच्या पलीकडचा बंद झाला. जवंजाळांच्या भोंग्यापाशी हरिओम स्वतः गेला. त्याचं बटण आधीच बंद केलेलं होतं. जयमाला तिथपर्यंत पोचली होती. आजूबाजूला रक्त नव्हतं, ठसे नवे की बुधवारचे हे लगेच सांगता येत नव्हतं. काठी तिथे नव्हती.

राहिला गोकुळचा भोंगा, खालच्या अंगाला, नाल्याकडे, मक्याच्या मधोमध. आवाज तिकडूनच आला.

"अवो, या नाऽ!"

"तुझा चालू आहे?" हरिओमने विचारलं.

गोकुळने नाल्याकडे पाहिलं. "काल संध्याकाळी चालू केला तवा घरघर करून राह्यला होता. बॅटरी उतरली असन. नसन बी उतरली. मले सांगता येत नाही, साहेब."

हरिओमने गजेंद्रला फोन लावला. गाडी घाट चढत होती. मागे कंडक्टरचा आवाज येत होता. हरिओमने थोडक्यात सांगितलं आणि फोन मक्याच्या दिशेने उंच धरला. आवाज पुन्हा आला. त्याने फोन कानाला लावला.

"ओळखता येतं का, भाऊ? वहिनी आहे की कार्ड?"

"ती ओरडली होती तशीच ओरडते," गजेंद्र म्हणाला. "दोन्हीत तसंच हाय." मग तो घाईने बोलू लागला. "आयका, साहेब, आयका. कार्डात 'या ना' दोनदा हाय. दुसऱ्यांदा झालं का ती दम घेते, अन् म्हनते, 'माह्या तोंडावर त्याचा वास येऊन राह्यला.' लगेच म्हनते. ते आलं तं भोंगा हाय. ते येते का पाहा. गाडी थांबवा हो! साहेब, ते येते का पाहा!"

हरिओमने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. खालच्या अंगाला मक्याची काही ताटं हलली आणि स्थिर झाली. सात वाजून पस्तीस मिनिटांनी "या ना" ऐकू आलं, पाठोपाठ दुसऱ्यांदा ऐकू आलं. त्यानंतरचं वाक्य अजून आलेलं नाही.